दोन अँपिअर

व्होल्टमीटरवर सोळाचा आकडा बघून सुमेधाने पृथ्वीशी संपर्क जोडला. तीन आठवड्यांपूर्वी ती झोपली तेव्हा चोवीस होते. चांद्रतळाच्या भिंतीतून उल्केचा खडा आरपार गेला होता आणि विद्युतघटांची एक रांग निकामी झाली होती.

पलीकडे तीन निद्रामंजूषांत तिघे शीतनिद्रेत होते: इरावती, फिरोज आणि सुमेधाचा नवरा निशिकांत. जागं एकानेच राहायचं, पाळीपाळीने. हवा तेवढीच होती. सुटकायान यायला चाळीस दिवस होते.

"प्रत्येक मंजूषेचा रोध चार ओहम," पृथ्वीवरून अभियंते दिघे म्हणाले. "एकसर जोडणी, म्हणजे रोधांची बेरीज बारा. सोळा भागिले बारा."

"एक पूर्णांक तेहेतीस अँपिअर. आणि दोनच्या खाली माणूस गारठून मरतो."

"तिघांतून प्रवाह एकच वाहतो, वहिनी. एकाला कमी, दुसऱ्याला जास्त, असं होत नाही. मरतील तर तिघंही. एक मंजूषा वगळली तर रोध आठ, प्रवाह दोन."

"कुणाला वगळू? नाव तुम्ही सांगा ना!"

दिघे पुन्हा आकडे मांडू लागले.

गणित मोठं निर्दय. उत्तर देतं, नाव देत नाही. इरावती अवघी सव्वीस वर्षांची. फिरोजला दोन लहान मुली. उरला निशिकांत. एकतीस वर्षांचा संसार. त्याचंच नाव घ्यावं लागणार हे सुमेधाला कळत होतं, पण जीभ रेटत नव्हती. ती ढसाढसा रडली.

"आधी प्रवाह मोजा तरी," दिघे हळूच म्हणाले.

तिने अँमीटर जोडला. काटा दोनवर गेला.

"दोन? मग रोध आठच आहे. तुम्ही कुणाला वगळलंत?"

"मी हातसुद्धा लावला नाही."

व्होल्टमीटर घेऊन ती मंजूषांकडे धावली. इरावतीच्या मंजूषेच्या टोकांवर आठ व्होल्ट. फिरोजच्या मंजूषेवरही आठ.

जाग्या माणसाची मंजूषा तांब्याच्या पट्टीने वगळलेली असे. तो झोपला की पुढच्या पाळीवाल्याने ती पट्टी काढायची, असा नियम होता. काल गुंगीतच ती उठली, तेव्हा तीन आठवड्यांची पाळी संपवून आत शिरता शिरता निशिकांत म्हणाला होता, "माझी पट्टी काढलीय मी. तू चहा घे." एकतीस वर्षांत त्याचं काम तिने कधी तपासलं नव्हतं. कालही नाही.

तिसऱ्या मंजूषेवर पट्टी तशीच होती; टोकांवर शून्य आलं. तिने टोकं पुसून पुन्हा मोजलं. शून्यच.

"वहिनी? कोण आहे?"

"त्याने मला विचारलंसुद्धा नाही हो," सुमेधा म्हणाली.