सेज क्रॉसिंगच्या कोर्टातली घाण

सोमवारी सकाळी न्यायाधीश महाराज नाक दाबून कोर्टातून बाहेर पडले आणि जिन्यातच निकाल देऊन मोकळे झाले. "उद्यापर्यंत ही घाण गेली नाही, तर खटला माझ्या शहरात चालेल."

त्यांचं शहर घाटापलीकडे होतं. सेज क्रॉसिंग गावच्या दगडी इमारतीत खाली टपाल कचेरी, वर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कोर्ट. न्यायाधीश मात्र खटल्यापुरता पाहुणा. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातली अशी काही जुनी कोर्टं सरकारने विकून टाकली होती, आणि या इमारतीवरही गिऱ्हाईकाचा डोळा होता.

मर्ल स्ट्राउप दुपारी रुमाल नाकाला लावूनच वर आला. शेरीफच्या खात्यात हयात घालवूनही त्याचं पोट नाजूकच राहिलं होतं. त्याची भागीदार, खाजगी गुप्तहेर आयडा ट्वेट, मात्र फुलं हुंगावीत तशी हुंगत फिरत होती.

"आयडा, माझे साक्षीदार ऑक्सिजनची नळकांडी घेऊन हिंडतात," आर्लीन हॉगस्टॅड म्हणाल्या. गॅस कंपनीने विहिरी नासवल्या आणि त्यांचा नवरा त्यात गेला, असा त्यांचा दावा होता. "बर्फात घाट ओलांडून कोण जाणार? खटला इथून हलला की संपला."

"तुमचा वकील काय म्हणतो?"

"बेलामी? देवमाणूस! मिळेल ते घेऊन तडजोड करा म्हणतो. फी मागत नाही. मी तलावातले मासे गोठवून देते, त्यावर खूश. शुक्रवारी इथे आणून माझ्याकडून साक्षीची तालीमसुद्धा करून घेतली. खिडकीकडच्या टेबलाशी बसवलं. ऊन डोळ्यांवर येत होतं, तेवढंच."

मर्लचा संशय पक्का होता: किप डार्नेल, हॉटेलवाला. कोर्ट बंद पडलं की इमारत तोच घेणार होता.

"वासाचं ऐकून वाईट वाटलं," किप हसू दाबत म्हणाला. "कोठडीत दारूचं कोठार, आणि वर मोठ्या झुंबराखाली बार. जज्जच्या खुर्चीत बसून बर्गर खायचा! मर्ल, तुला पहिला फुकट."

मर्ल आणि आयडा पुन्हा कोर्टात आले.

"झुंबर?" इमारतीचा रखवालदार गस म्हणाला. "ते माझ्या बापाने उतरवलं. आता नळीचे दिवे आहेत. तो माणूस वर आलाच नाही कधी, मी येऊ देत नाही."

"गॅस कंपनीचा वकील?" आयडाने विचारलं.

"आज विमानातून उतरला, तोवर वास सुटला होता. आल्या आल्या रडगाणं: ज्युरीजवळचं टेबल फिर्यादीलाच का? म्हटलं, देशभर हाच रिवाज आहे साहेब, मी नाही काढला."

"शुक्रवारी कोण आलं होतं?"

"बेलामीसाहेब, आर्लीनबाईंच्या आधी. सुनावणी नव्हती, दारावरचं तपासणीचं यंत्र बंद. त्यांचा कागदांचा खोका मीच वर आणला. माझी कंबर गेली! उतरताना मात्र तोच खोका काखेत मारून शिट्टी वाजवत गेले. हीटर मी काल लावला."

आयडा ज्युरीजवळच्या टेबलामागे वाकली. भिंतीतल्या हवेच्या जाळीखाली फरशीचं वार्निश फुगलं होतं. तिने गसकडून पेचकस घेतला.

जाळी निघाली. आत सुतळीत ओवलेली माशांची माळ होती. मासे मऊ, हिरवट, पाझरणारे. मर्लने ज्युरीची कचरापेटी गाठली.

तासाभरात सगळे कोर्टात जमले. न्यायाधीशांनी रुमाल धरला होता. साक्षीदार बाहेर बाकांवर होते.

"घाला त्या हॉटेलवाल्याला बेड्या," बेलामी म्हणाला.

"तो अजून झुंबराखाली बार मांडतोय," आयडा म्हणाली. "त्याने ही खोली पाहिलेलीच नाही. कंपनीचा वकील वासानंतर आला. गसची तर इमारतीबरोबर नोकरी जाईल. उरलात तुम्ही. फिर्यादी ज्युरीजवळ बसतो हे वकिलीच्या पोरालाही ठाऊक असतं. तुम्ही आर्लीनबाईंना उन्हात का बसवलंत? कारण जाळीतून बर्फाचं पाणी गळत होतं, त्यानेच वार्निश फुगलं. मासे गोठलेले होते म्हणून त्या दिवशी वास नव्हता. काल हीटर लागला आणि सुटला."

"पुरावा?" बेलामीने विचारलं.

"जड चढलेला खोका हलका उतरला. इतकी वर्षं खटल्याची तयारी चालली आहे म्हणता, आणि तालमीच्या दिवशी खोक्यात माशांखेरीज काही नव्हतं! कागद असते तर उतरतानाही तो जड लागला असता. तयारी तुम्ही केलीच नाही. ज्युरीसमोर उभे राहिलात तर सगळ्यांना कळेल, म्हणून खटला हलवायचा आणि बाईंना तडजोडीला लावायचं."

आर्लीनबाई माळेजवळ गेल्या. सुतळीची गाठ त्यांनी बोटाने उलटी केली.

"ही माझी गाठ आहे," त्या म्हणाल्या. "मासे माझे आहेत, बेलामी. तू खाल्लेसुद्धा नाहीस?"

बेलामी सारवासारव करू लागला. मर्लला वाटलं, यापेक्षा माशांचा वास परवडला.

न्यायाधीशांनी बेलामीला खटल्यातून काढलं. आर्लीनबाईंना नवा वकील मिळेल, खटला इथेच चालेल, पण थोडा लांबेल, असं सांगितलं.

"मी थांबेन," आर्लीनबाई म्हणाल्या. "बाहेर बसलेले माझे साक्षीदार थोर्सनकाका थांबतील का, ते डॉक्टरला विचारा."

न्यायाधीशांनी खिडक्या उघडायला लावल्या. गार वारा आत शिरला. थोर्सनकाकांची साक्ष आजच नोंदवू, पुढचे प्रश्न नवा वकील विचारील, असं त्यांनी जाहीर केलं. कंपनीच्या वकिलाने हरकत घेतली. न्यायाधीशांनी वर न बघताच ती फेटाळली.

काका नळकांडं ओढत आत आले.

"बसून बोललात तरी चालेल," न्यायाधीश म्हणाले.

"बसलो की दम लागतो," काका म्हणाले. "उभ्यानंच सांगतो. लिहून घ्या."