खांद्यावरून मागं

रविवारी दुपारी कणीक मळायची, पण पोळ्या करायच्या नाहीत, हे मला लग्नानंतर शिकावं लागलं. तिच्यात शेंगदाण्याची पेंड घालायची आणि गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून सोमेशच्या पिशवीत ठेवायचा. माशांसाठी.

आम्ही लिंगायत. घरात अंडंसुद्धा येत नाही. सोमेश, माझे मिस्टर, जळकोटात बियाण्यांचं दुकान चालवतात, इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय सकाळी चहा घेत नाहीत, आणि दर रविवारी तलावातल्या बेटावर गळ टाकायला जातात. धरलेला मासा परत सोडतो, म्हणतात. मग येताना चेहरा इतका फुललेला का? माझ्याशी तर आठवडाभर कामापुरतंच बोलणं.

मी घाबरट आहे, कुकरच्या शिट्टीलाही दचकते. तरी त्या रविवारी हट्ट करून गेले.

बेट म्हणजे तलाव भरल्यावर पाण्याबाहेर उरलेला माळाचा तुकडा. सोमेश होडीचा दोर सोडत होते, तेवढ्यात नावाडी व्यंकटमामांनी मला हात देत हळूच विचारलं, "वहिनी, आज पहिल्यांदा होडीत बसून राहिल्या. दर आयतवारी या काठावरनं दोघं बसलेली दिसता. मग तुम्ही एरवी जाता कुणीकडून?"

भूत माझ्या डोक्यात आलंच नाही. बाई आली.

बेटावर सोमेशनी सगळं हौसेनं दाखवलं. उगवतीला बुडालेल्या बाभळींची खोडं, तिथं गांडूळ लावलं की मरळ लागते. मावळतीला खडक, खाली खोल पाणी, तिथं कणकेवर रोहू येतो. मी ऐकत होते आणि जळत होते. हे सगळं आधी कुणाला तरी, पुष्कळदा, सांगून झालेलं वाटत होतं.

खडकावर ते पाण्याकडे तोंड करून बसले. मी जरा मागं. गळाच्या काठीच्या टोकाला बांधलेलं घुंगरू गप्प होतं. ऊन कललं, वारा पडला, आणि जुन्या विहिरीत डोकावल्यावर येतो तसा शेवाळाचा गार वास माझ्या अगदी जवळून आला.

घुंगरू वाजलं.

सोमेशनी मासा ओढून घेतला, तोंडातला गळ काढला, आणि वळून न बघता डाव्या खांद्यावरून मागं धरला. मासा तडफडत होता. ते थांबले. मग मूठ उघडली.

मासा खाली पडला नाही. खडकावर आवाज नाही, पाण्यातही नाही. हात रिकामा पुढं आला आणि नवी कणीक लावू लागला.

तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण माझ्या मनात एवढंच आलं, की मला चहाचा कपसुद्धा हे कधी हातात देत नाहीत, ओट्यावर ठेवून जातात. आणि इथं… किती विश्वासानं थांबले.

मी सरकत त्यांच्या पाठीशी गेले. पुन्हा घुंगरू वाजलं, हात मागं आला, आणि मी झडप घालून मासा धरला. पलीकडूनही कुणीतरी धरला होता. बोटं माझ्या बोटांना लागली. बर्फासारखी, पण घाई नसलेली. मी दोन्ही हातांनी ओढला. "माझे आहेत ते," असं काहीतरी पुटपुटले असेन. मग ती बोटं सुटली… एकेक करून. मासा मी पाण्यात फेकला.

सोमेश वळले नाहीत. हळूच म्हणाले, "आज हात गरम लागले गं तुझे…"

इतक्या मायेनं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. आत्ताही बोलले नव्हते.

परतताना व्यंकटमामा सारखे म्हणत होते, जरा मधी सरका, होडी एकीकडं कलून राहिली.

त्यानंतर सोमेश बेटावर गेले नाहीत. मी जिंकले, असं वाटायला हवं होतं. पण आता ते ओसरीत चहा पितात आणि रिकामा कप खांद्यावरून मागं धरतात. मी असेन तिथून धावत जाते आणि घेते. दुपारी पडत नाही. मुरुडला माहेरी आई बोलावून थकली, तरी जात नाही.

काल संध्याकाळी पोळ्यांची कणीक मळत होते. हात मनगटापर्यंत भरलेले. ओसरीतून बशी वाजली.

"थांबा… आले…"

गेले तर कप त्यांच्या हातात नव्हता. फरशीवरही नव्हता.

"अहो, कुणाला दिलात?"

"तुलाच की. दुसरं कोण हाय घरात?" ते प्रसन्न हसले. "आज बरोबर थंड होते."

मी कणकेनं माखलेले माझे हात त्यांच्यापुढं धरले. त्यांनी पाहिलेच नाहीत.

स्वयंपाकघरात कप धुऊन ओट्यावर पालथा घातलेला होता. परात रिकामी होती. मी अर्धवट टाकलेली कणीक छान मळून, गोळा करून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती, आणि तिला पेंडीचा वास येत होता. काल मंगळवार होता.