मेथीतून गेलेली पायवाट

"ओ नकाशेवाले! मेथीचा वाफा हाय तो, सडक नोहे!"

रत्नमाला परसातून अशी कडाडली की संघदीपच्या हातातला मोजायचा टेप सुटला. अनसिंगजवळचं जुनं गाव तलावात गेलं, नवं गाव सरकारनं पट्टी लावून आखलं. अशा गावात माणसं कशी रुळतात, याचा अभ्यास करायला तो अमरावतीहून आलेला. शाळेच्या खोलीत मुक्काम.

"आखलेले रस्ते सोडून लोक कुठून चालतात, ते बघतोय," तो ओशाळून म्हणाला.

"त्यात काय बघाचं? जिथं जीव ओढते, तिथून मानूस चालते!"

मग तो रोजच येऊ लागला. कधी ताक, कधी नुसतीच विचारपूस... ती तोंडानं फटकारायची, पण कान त्याच्या चपलांकडे. तो दिसला नाही की बाईसाहेबांना घास गोड लागत नसे.

एका सकाळी तो धावतच आला. "नवी पायवाट सापडली! शाळेपासून थेट तुमच्या परसापर्यंत. इथं ना दुकान, ना विहीर. कोण चालतं हो?"

रत्नमाला हसून हसून बेजार. "तुमीच की! दुसरं कोन येते इकडं?"

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... माझीच चूक. पुसतो नकाशातून. उद्या तसाही निघतोय."

तिचं हसू जागीच विरलं. उद्या? अन् चूक? दिवसभर तिचं कशात मन लागेना. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं मेल्याचं!

दुसऱ्या दिवशी जीप यायच्या आत ती त्याच पायवाटेनं शाळेपाशी गेली. पहिल्यांदाच.

"आता मी बी चालली. दोघायची झाली ते. एकट्यानं पुसाची नाही!"

"पुसलीच नाही," तो हळूच म्हणाला. "हात उचलेना."

"मंग काल चूक कायले म्हटली?"

"भ्यालो. तुम्ही नाही म्हणाल्या असत्या तर?"

"इचारल्याबिगर कोनी नाही म्हनते काय, येड्या मानसा!"

तेवढ्यात जीप आली, जीपवाल्यानं हॉर्न दाबला. संघदीप जीपच्या पायरीशी अडखळला.

"मग विचारतो. अभ्यास लिहून झाला की... तुमच्यासाठी परत येऊ?"

जाऊच नका, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं ते गिळलं.

"लवकर या," ती म्हणाली. "पावसाळ्यात गवत लय वाढते इथं. मी एकटी किती चालू?"