चारशे सतरा नंबरचा दिवा

कारागंडा शहराजवळच्या एका कोळसाखाणीत दिवे देण्याच्या खोलीत एक जुनाट प्रोग्राम चालायचा. कामगार नंबराचा दिवा घेऊन खाली उतरला की त्याची वेळ त्यात नोंदली जायची, वर आला की दुसरी. दोन हजार साल उजाडताच याची तारीख शंभर वर्षं मागे जाणार, अशी सगळ्यांना धास्ती. म्हणून ऑक्टोबरातल्या एका दुपारी खाणीतले कॉम्प्युटर सांभाळणारी झाउरेश त्याची नक्कल वेगळ्या कॉम्प्युटरवर घेऊन तपासायला बसली. त्या कॉम्प्युटरला बाहेरची एकही तार जोडलेली नव्हती. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होतं आणि खोलीत ओल्या रबरी बुटांचा वास कोंदला होता.

तिने घड्याळ पुढे सरकवलं. एक जानेवारी दोन हजार.

"मेला का गं?" दिवे पुसता पुसता, ती खोली सांभाळणाऱ्या क्लावा मावशीने विचारलं.

"कुठला मरतोय! शहाण्यासारखा चालतोय."

तेवढ्यात रिकाम्या यादीत एक ओळ उमटली. नंबर ४१७, तोलेगेन. उतरला: सहा दहा. वर आला: कोरं.

तोलेगेन झाउरेशचा नवरा. तिने ओळ पुसली, ती परत आली. तिने दोन तारीख लावली, तीन लावली, थेट मार्च लावला... वर येण्याची जागा कोरीच.

"मावशी, हे तुम्ही भरलंत?"

"मला बाई ते चालूसुद्धा करता येत नाही..." मावशीने पडद्याकडे पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. "त्या दिवशी त्याला घरी ठेव. कसंही कर, पण ठेव."

नव्या वर्षाची सुट्टी असूनही तोलेगेनची सकाळची पाळी लागलीच. झाउरेशने पहाटेच त्याचे बूट लपवले, दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली मोज्यात कोंबली.

"वेड लागलंय का तुला? बायकोने कोंडून ठेवला म्हणून खाणभर हसतील!"

"हसू देत. तू हवास मला."

तो तणतणला, शिव्या घातल्या, शेवटी भिंतीकडे तोंड करून झोपला. दुपारी उठला तो मुकाट चहाला येऊन बसला. त्याला समोर बघून झाउरेशला इतकं हायसं वाटलं की रडूच फुटलं.

तीन वाजता बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. क्लावा मावशी होती.

"झाउरेश... तोलेगेन कुठाय?"

"घरीच. चहा पितोय."



"पाळी सुटली गं. सगळे वर आले. चारशे सतराचा दिवा तेवढा जागेवर नाही... आणि आत्ता खालून फोन आला. तोलेगेनच होता. आवाज ओळखते मी त्याचा. म्हणतो, लिफ्ट पाठवा, झाउरेश वाट बघत असेल..."

झाउरेशने मागे वळून पाहिलं. तोलेगेन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. फोनमधलं तिथवर ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

"त्यांना सांग," तो हळूच म्हणाला, "लिफ्ट पाठवू नका."