चौथा सिलिंडर

मोपेडचा सिलिंडर सहज चार-पाच वर्षं चालतो. पेट्रोलमध्ये तेल नीट घातलं, हवेची जाळी साफ ठेवली, तर त्याहूनही जास्त. माझं पैठण गेटला गॅरेज आहे, आणि शहाऐंशी सालापर्यंत मी अशी शेकडो इंजिनं उघडली होती. त्यामुळे आशाबाईंची गाडी एप्रिलात पहिल्यांदा जाम होऊन आली, तेव्हा मी त्यांनाच बोल लावला.

आशाबाई नर्स होत्या. घर गारखेड्याला, नोकरी आडूळच्या पुढच्या आरोग्य उपकेंद्रात. वाड्यावस्त्यांवर बाळंतपणाला जाता यावं म्हणून त्यांनी स्वतःची मोपेड घेतली होती.

"तेल कमी टाकता तुम्ही, बाई."

"मापानं टाकते, बद्रीभाऊ. औषधाचं माप चुकत नाय माझं, तेलाचं कसं चुकंल?"

मी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं. तेल कमी पडून पिस्टन घासला की सिलिंडरच्या आत उभे, चकचकीत ओरखडे दिसतात. ते नव्हतेच. आत गंज होता. जाड, तांबडा, खवल्याखवल्यांचा. विहिरीत पडून राहिलेल्या बादलीला धरतो तसा.

"पाण्यात घातली होती का गाडी?"

"एप्रिलात? प्यायला पाणी नाय तिकडं."

मी सिलिंडर, पिस्टन, रिंगा, सगळं नवं बसवलं. बारा दिवसांनी गाडी ट्रकवर चढून परत आली. आत तोच गंज. या खेपेला सिलिंडर गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांच्या फटींत वाळलेला गाळही होता.

माझं डोकं फिरलं. पार्टवाल्यानं जुना माल धुऊन गळ्यात मारला, म्हणून मी भर बाजारात त्याच्याशी भांडलो. तो बिचारा शपथा घेत राहिला. तिसरा सिलिंडर मी डोळ्यांदेखत सीलबंद खोक्यातून काढला आणि त्याच्या तळाशी छिन्नीनं 'ब' कोरला. आता बघू कोण फसवतं ते.

नऊ दिवसांनी गाडी पुन्हा दारात. मी सिलिंडर रॉकेलनं धुतला. 'ब' होता, पण गंजानं इतका खाल्ला होता की बोटानं चाचपून वाचावा लागला. फटीत दोन बारके शंख अडकलेले होते. ओल्या गाळात राहणाऱ्या गोगलगाईंचे असतात तसले.

शेजारच्या लेथवाल्या सांडूला दाखवला. त्यानं तो उजेडात धरला.

"बाप्पाऽ! लई जुना दिसतो. कुठं सापडला?"

"नऊ दिवसांपूर्वी मी बसवलाय."

"मग जुनाच बसवला आसंल तू."

मी हातातला पाना भिंतीवर फेकला. वीस वर्षं या धंद्यात घालवली होती, आणि साध्या ओतीव लोखंडाच्या नळकांड्यानं मला खोटं पाडलं होतं.

आशाबाई मात्र या वेळी चिडल्या नव्हत्या. डोक्यावरून पदर घेऊन स्टुलावर बसल्या होत्या. पाणी दिलं तर ग्लास हातात तसाच राहिला.

"वस्तीवरच्या दगडाबाईची सून, सारजा. पहिलटकरीण होती," त्या म्हणाल्या. "गाडी बंद पडली म्हणून ढकलत गेले. मी पोचले तवा बाळ गेलेलं होतं."

मी त्यांच्या हातातला ग्लास काढून बाजूला ठेवला.

"कुठं बंद पडली?"

"तिथंच. डांबरी सोडून वस्तीकडं वळलं की ओढ्यावर फरशीचा बुटका पूल लागतो ना, त्या फरशीवर. तिन्ही खेपेला तिथंच."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही तेलाचंच इचारत होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौथा सिलिंडर बसवला आणि गाडी स्वतःच काढली. बीडचा रस्ता धरला. इंजिन असं गुळगुळीत चाललं होतं की माझा मलाच अभिमान वाटला. आडूळ मागं पडलं. विचारत विचारत वस्तीची गाडीवाट धरली. मेचं ऊन, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा.

फरशी दिसली. ओढा कोरडा ठणठणीत, दोन्ही बाजूंना बाभळी.

बरोबर मध्यावर इंजिन थांबलं. खोकलं नाही, खडखडलं नाही. तोटी बंद करावी तसं थांबलं. किक दगडासारखी घट्ट.

पलीकडच्या काठावरून एक धनगर मेंढरं हाकत चालला होता, घाईघाईनं. एकही मेंढरू त्यानं ओढ्यात उतरू दिलं नाही.

"ओ पाव्हणं! ढकला ती गाडी, ढकला! फरशीवर बसू नका!"

"का? काय आहे इथं?"

"मुंजाबा म्हणत्यात मला. जल्म गेला इथं. ठावं नाय काय हाय ते. बसू नका एवढं ठावं हाय."

तो थांबला नाही. मी मात्र चिडीला पेटलो होतो. रोग जिथं होतो तिथंच बघायचा, म्हणून फरशीवर मांडी घालून हत्यारं काढली.

दीड तास पळालेलं इंजिन. हात लावला तर फोड यावा.

ते गार होतं. माठासारखं.

हेडचे नट मी सकाळीच नवे लावले होते. त्यांच्या कडा झडल्या होत्या. पाना घसरत होता. जोर लावून लावून चारही काढले. घामानं डोळे चुरचुरत होते, शिव्या तोंडात येत होत्या.

हेड निघालं. आतून गाळाचा ओला वास आला.

आवाज थांबले होते. मेंढरांचा नाही, वाऱ्याचा नाही. बाभळीची सावली माझ्या गुडघ्यावर होती. मघाशी ती कुठं होती ते आठवेना.

गंज किती खोल गेलाय हे बघायला आम्ही आत बोट घालून नख फिरवतो. मी बोट घातलं.

बोटाच्या आधी नख भिंतीला लागलं.

हात बाहेर काढून बघितला. नख पेरभर वाढून खाली वळलं होतं. दहाही बोटांचं.

मी हत्यारं तिथंच टाकली. गाडी ढकलत डांबरीपर्यंत आलो, तेव्हा तिथल्या टपरीवरच्या घड्याळात सव्वाबारा वाजले होते. येताना आडूळच्या एसटी स्टँडवर मी साडेअकरा बघितले होते; जाणंयेणं वजा केलं, तर फरशीवर बसून मला वीस मिनिटंही झाली नव्हती. नखं मी आडूळच्या स्टँडमागं ब्लेडनं कापली. घरी कुणाला सांगितलं नाही.

पाचवा सिलिंडर बसवून गाडी आशाबाईंच्या ताब्यात दिली. म्हटलं, "वस्तीला पाचोडकडून वळसा घालून जा. लांब पडंल, पण त्या फरशीवरनं नको."

त्यांनी का ते विचारलं नाही.

"तिथं कधी बसला होता का तुम्ही?" मी विचारलं.

"एकदाच. सारजाकडं जाताना. दोन रात्री जागरण झालेलं, ढकलून ढकलून दम लागला. बाभळीखाली जरासा डोळा लागला."

गाडी स्टँडवरून काढताना त्यांचा पदर खांद्यावर घसरला. बाईंचं वय तिशीचंही नसेल. त्यांचे सगळे केस पांढरे झाले होते.

मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पदर वर ओढला.

"उन्हानं," त्या म्हणाल्या, आणि किक मारली.