वाटाड्या नको

तिवरघाटच्या रोपवे स्थानकाच्या फाटकावर रोज संध्याकाळी साडेपाचला माणसांचे आकडे लागत. कामगार कमानीखाली उभा राहिला की कमान त्याच्या कपाळावरून त्याची झोप वाचे आणि वरच्या फळ्यावर त्याचं नाव आणि निद्रांक झळके. निद्रांक म्हणजे शंभरपैकी किती झोप झाली त्याचं माप. सत्तर किंवा वर असेल त्यानं कामावर जायचं, खाली असेल त्यानं घरी. हा कायदा येऊन पंधरा वर्षं झाली होती आणि लोकांच्या तो इतका अंगवळणी पडला होता, की लग्नाच्या बायोडाटात उंचीच्या खाली निद्रांक लिहीत. भेटल्यावर 'कसा आहेस' विचारायच्या ऐवजी 'आज किती?' विचारत, आणि उत्तर ऐकायचे कष्ट तेवढे वाचत.

शौर्य भिलारेच्या नावापुढे त्रेचाळीस लागलं.

"त्रेचाळीस," फाटकावरचे रखवालदार पाटोळे म्हणाले. फळ्यावरचे आकडे हातभर उंच होते, वाचून दाखवायची काहीच गरज नव्हती, पण पाटोळ्यांना हौस होती. "शौर्यभाऊ, पीत होता तेव्हा बरे होता की तुम्ही. अठ्ठ्याहत्तर, ऐंशी."

हे खरं होतं, आणि म्हणूनच शौर्यच्या जिव्हारी लागलं. पिणाऱ्या माणसाच्या झोपेचे पहिले तीन तास दगडासारखे असतात, आणि तेव्हाची यंत्रं तेवढेच तीन तास मोजत. त्या ऐंशीच्या जोरावर कायदा आल्यावरही त्याची खुर्ची टिकली, आणि रोपवे चालवायला त्याला एकूण बावीस वर्षं झाली. मग एका संध्याकाळी चाळीस माणसांनी भरलेली डबी त्यानं दरीच्या मधोमध अर्धा तास टांगती ठेवली, कारण थांबवायचा आणि चालवायचा खटका त्याला वेगवेगळे दिसेनात. कुणी मेलं नाही. पण डबीतून उतरलेल्या एका बाईनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसानंतर शौर्यनं दारूला हात लावला नाही.

त्याला अकरा महिने झाले होते. स्थानकाचा नियम असा, की व्यसन सोडणाऱ्याला एक वर्ष मिळे. वर्षाच्या आत सलग पंधरा दिवस सत्तरच्या वर निद्रांक आला तर चालकाची खुर्ची परत, नाहीतर कायमचं भांडारात, खिळे आणि वंगणाचे डबे मोजायला. आणि अकरा महिन्यांत शौर्यचा आकडा एकदाही पन्नासला शिवला नव्हता. मालाची वाहतूक रात्रभर चाले, म्हणून चालकांनी सकाळी नऊ ते चार झोपायचं. शौर्य नऊला आडवा होई, अकराला टक्क जागा होई, दीडला डोळा लागे आणि अडीचला घामाघूम होऊन उठून बसे.

"हे असं का होतं, ते तरी सांगा," त्यानं डॉक्टर ओवी तांबट यांना विचारलं. त्या जिल्ह्याच्या निद्राकेंद्रातल्या संशोधक होत्या. पन्नाशीच्या, बारीक आवाजात बोलणाऱ्या, आणि समोरच्याचं ऐकून घेणाऱ्या.

"तुमच्या मोटरवर कुणी बावीस वर्षं ब्रेक दाबून ठेवला, तर तुम्ही काय कराल?"

"गती टिकवायची तर जोर वाढवीन."

"मेंदूनं तेच केलं. दारू म्हणजे ब्रेक. तो रोज लागायचा, म्हणून मेंदू रोज जोर वाढवून चालायचा. आता ब्रेक निघाला, पण जोर अजून तेवढाच आहे. तो हळूहळू उतरतो. काहींचा तीन महिन्यांत, काहींना वर्ष लागतं, दोन लागतात."

"माझ्याकडे एक महिना आहे."

डॉक्टरांनी खणातून एक करडी पट्टी काढली. तिचं नाव वाटाड्या. राज्यात साठ लाख लोक ती कपाळाला लावून झोपत होते. "आपण घरातले दिवे रोज एका ठरावीक क्रमानं मालवतो ना, आधी ओसरी, मग स्वयंपाकघर, तसा मेंदूही आपले भाग ठरावीक क्रमानं मालवतो. प्रत्येकाचा क्रम वेगळा. त्याला आम्ही निद्रावाट म्हणतो. ही पट्टी तुमची सगळ्यात मळलेली वाट शोधते आणि हलक्या विजेनं तुम्हाला त्या वाटेनं घेऊन जाते. यात औषध नाही. तुमचीच झोप, तुमच्याच वाटेनं."

"डोक्यात काही राहत नाही ना? मला परत कशाच्या आधारानं झोपायचं नाही, डॉक्टर."

"मी स्वतः चार वर्षं लावते," त्या म्हणाल्या. "रोज चौऱ्याण्णव."

पहिल्याच दिवशी शौर्यचा आकडा एक्क्याण्णव आला. पाटोळ्यांनी तो दोनदा वाचला. स्वतः पाटोळे वाटाड्या लावून रोज ब्याण्णव घेत, त्यामुळे बरोबरीचा माणूस भेटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावेना. शौर्य घरी गेला आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा सान्वीनं, त्याच्या बायकोनं, गोडाचं केलं.

पाचव्या दिवशी सान्वी दुपारी जेवायला घरी आली. ती रोपवाटिकेत कामाला होती, जेवणाची सुट्टी पाऊण तासाची. शौर्य गाढ झोपला होता. तिनं त्याला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, मोरीतली निळी बादली आणून पलंगाशी ठेवली, तिच्यात बोटभर पाणी घातलं, आणि ताट वाढून घेतलं. दुसरा घास तोंडात असताना तिची नजर बादलीवर गेली.

तिनं ताट बाजूला सारलं. ही बादली गेलं वर्षभर फरशी पुसायला होती. त्याच्याआधी एकोणीस वर्षं ती पलंगाशी असे, कारण तो पिऊन पडला की तिनं त्याला असंच कुशीवर वळवायचं, नाहीतर उलटी घशात जायची. आज तिनं ते करायचं ठरवलं नव्हतं. तिच्या हातांनी तिला न विचारता केलं होतं. काहीतरी पाहून केलं होतं. ती उठून पलंगाशी गेली आणि आता मुद्दाम पाहू लागली. तोंड उघडं, खालचा ओठ लोंबलेला, उजवा हात पलंगाच्या कडेवरून खाली, बोटं काहीतरी धरल्यासारखी वाकलेली. तिनं त्याच्या तोंडाशी नाक नेलं. वास नव्हता. तो झोपेत काहीतरी पुटपुटला. ती शिवी तिच्या ओळखीची होती.

ती त्या दिवशी कामावर परत गेली नाही. चारला तो उठला तेव्हा ती बादलीशेजारी जमिनीवर बसून होती.

"ही इथं कुणी ठेवली?" त्यानं विचारलं. जीभ कोरडी पडली होती, शब्द जड येत होते.

"मी. तुम्ही पिऊन झोपला होता."

"सान्वी, तुझी शपथ. थेंब घेतला नाही."

"ठाऊक आहे मला. थेंब नाही घेतला. पण झोपला होता तो तोच होता. मला कशाला फसवता ओ, मी एकोणीस वर्षं त्याच्या उशाशी बसलीय. यंत्राला नसंल कळत, मला कळतं."

शौर्य पलंगाच्या कडेला बसून राहिला. मग त्यानं उजवा हात समोर धरला. बोटांना बारीक कंप होता. तो त्याला ओळखीचा होता.

त्या संध्याकाळी फळ्यावर पुन्हा एक्क्याण्णव लागलं. पाच दिवस आकडा टिकल्यामुळे रिकामी चाचणीची डबी पाठवायची परवानगी त्याला मिळाली होती. तिवरघाटच्या चालकांची एक रीत होती. रोपवेचा ओढणारा दोर फिरतो, पण डबीचं वजन पेलणारा जाड दोर जागचा हलत नाही. रिकामी डबी सुटली की चालक त्या स्थिर दोरावर उघडा तळहात ठेवून डोळे मिटतो. डबी एकेका खांबावरून जाते तसा दोरातून एकेक ठोका येतो. नऊ खांब, नऊ ठोके. एखादा ठोका घोगरा आला तर त्या खांबावरची पुली अडकतेय. निद्रांक यायच्या आधी चालक पाळी घेताना एकमेकांचे हातही पाहत, कारण थरथरणाऱ्या हाताला दोर कळत नाही. कायदा आला तशी ही दुसरी रीत बंद पडली. आकडा असताना हात कशाला पाहायचा, असं वरच्यांचं म्हणणं पडलं.

शौर्यनं दोरावर हात ठेवला. दारू सोडल्यापासून, आकडा बेचाळीस असो की पंचेचाळीस, तो रोज संध्याकाळी हद्दीबाहेरच्या टेकाडावर जाऊन तिथल्या दोराला हात लावी आणि नऊच्या नऊ ठोके मोजी. आज त्याला फक्त स्वतःच्या हाताची थरथर कळली. डबी पलीकडे पोचली तरी त्याच्या हाताला एक खांब लागला नाही.

"बसा खुर्चीत, डबी परत आणा," स्थानकप्रमुख कोकरे मागून म्हणाले.

"नाही बसणार, साहेब. माझ्या हाताला दोर कळत नाही."

"आकडा एक्क्याण्णव आहे, भिलारे."

"मग आकड्याला बसवा खुर्चीत."

असं बोलल्यावर काय होतं ते त्याला माहीत होतं. कोकऱ्यांनी शांतपणे वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याला मिळालेल्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी चौकशी ठेवली.

शौर्य तडक निद्राकेंद्रात गेला आणि पट्टी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "सगळ्यात मळलेली वाट म्हणाला होता तुम्ही. माझी कुठली असणार? बावीस वर्षं मी एकाच वाटेनं झोपलो. हिनं मला रोज तिथंच नेलं. दुकान बंद होतं, पण रस्ता तोच."

डॉक्टरांनी त्याच्या झोपेचे आलेख उघडले, मेंदूच्या दिव्यांचा क्रम पाहिला, आणि जुन्या संग्रहातला नशेतल्या झोपेचा आलेख शेजारी ठेवला. दोन्ही एकावर एक बसले.

"मेंदूला वाटलं मी प्यालोय, म्हणून हात थरथरला. खरं ना?"

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण भिलारे, पंधरातले दहाच दिवस राहिलेत. खुर्ची परत घ्या, मग पट्टी काढा."

"चाळीस माणसं असतात डबीत. दहा दिवसांनी ती त्या माणसाच्या हातात द्यायची? मी त्याला चांगला ओळखतो." तो उठला. "झोप येत नाही तर नाही येत. जाग माझी आहे. ती मी कमावलीय. अडीचला उठून बसेन, दोराचे तुकडे विणेन, दुपारनंतर चहा पिणार नाही, ठरल्या वेळी उठेन, आणि येईल तेव्हा येईल. पण स्वतःच्या पायांनी येईल." दारापाशी तो थांबला. "तुम्ही चार वर्षं लावता म्हणाला. तुमची वाट कुठली, डॉक्टर?"

"मी एकटी राहते," त्या म्हणाल्या. "मला झोपलेलं कुणी पाहिलेलं नाही."

दोन दिवसांनी, सकाळी दहाला, त्या शौर्यच्या दारात उभ्या होत्या. हातात स्वतःची पट्टी. सान्वीला त्या दिवशी सुट्टी होती. तिनं पट्टी पाहिली. आतल्या खोलीत सतरंजी घातली आणि शेजारी बसली.

दोन तासांनी डॉक्टर उठल्या. "सांगा."

"सांगू का?"

"त्यासाठीच आले."

"तुम्ही गुडघे पोटाशी घेतले," सान्वी म्हणाली. "आणि उजवा हात तोंडावर दाबून धरला. असा. पूर्ण दोन तास. मी एकदा सोडवायला गेले तर जास्तच दाबला. श्वाससुद्धा आवाज न करता घेत होता तुम्ही."

डॉक्टर तांबट आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिल्या. "वडील घरी आले की आवाज करायचा नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "झोपलोय असं वाटलं की ते पुढे जायचे. सात वर्षांची असल्यापासून चौदाची होईपर्यंत मी रोज तशीच झोपले." मग त्यांचा आवाज आणखी बारीक झाला. "या पट्टीबद्दल गेल्या चार वर्षांत नऊ तक्रारी माझ्या टेबलावर आल्या. बायकांच्याच. 'नवरा झोपेत वेगळा दिसतो.' मी वाचल्या आणि खणात ठेवल्या. का ठेवल्या ते मला आजवर कळलं नव्हतं. पट्टी लावून उठल्यावर मला कधी कुणाविरुद्ध बोलावंसंच वाटलं नाही."

त्यांनी पट्टी सान्वीच्या बादलीत टाकली आणि घरी गेल्या.

चौकशीच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला शौर्य आणि डॉक्टर दोघं फाटकाशी आली. डॉक्टरांच्या हातात नऊ तक्रारी होत्या आणि दोन आलेख. शौर्य कमानीखाली उभा राहिला. सत्तेचाळीस. मग डॉक्टर उभ्या राहिल्या. डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे बांधलेले, गेल्या आठ दिवसांत जेमतेम दहा-बारा तासांची झोप. फळ्यावर एकोणतीस लागलं.

"एकोणतीस," पाटोळे म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली आला. "मॅडम, तुमचा जबाब नाही घेता येणार. साठच्या खालच्या माणसाचं बोलणं चौकशीत धरत नाहीत. कायदाच आहे तसा."

"मला माहीत आहे. तो कायदा लिहिताना मी समितीवर होते."

"मग आज पट्टी लावा आणि उद्या या की. मी साहेबांना सांगतो, एक दिवस पुढे ढकलतील."

"पट्टी लावली तर उद्या मी येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या मला वाटेल, कशाला बोलायचं."

मागे पाळीवर जाणारे कामगार जमा होऊ लागले. ब्याऐंशी, नव्वद, अठ्ठ्याऐंशी, एकाहून एक चांगले आकडे, आणि सगळे शांत उभे. फाटक का अडलंय, असं एकानंही विचारलं नाही. शौर्यनं त्या शांत माणसांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याला भीती वाटली.

मग त्यानं बाह्या वर सारल्या, उजवा हात पाटोळ्यांसमोर धरला, बोटं पसरून, जुने चालक पाळी घेताना धरत तसा. सत्तेचाळीस निद्रांकाचा तो हात जराही हलत नव्हता.

"पाटोळे," तो म्हणाला, "आता तुमचा दाखवा."

पाटोळ्यांनी वर फळ्याकडे पाहिलं. तिथं त्यांच्या नावापुढे ब्याण्णव होतं. मग त्यांनी हळूच दोन्ही हात पाठीमागे नेले.