उसना आवाज

हे लिहून देतेय. बोलून सांगायची माझी आता सोय राहिलेली नाही. का, ते पुढे कळेलच. वाचून झालं की हे कागद, मी जिला आवाज द्यायची त्या नटीच्या बहिणीला नेऊन द्या.

काम नेहमीचंच होतं. दुपारी अडीचला स्टुडिओत जायचं, तिच्या शेवटच्या सिनेमाचे राहिलेले दोन सीन डब करायचे आणि घरी यायचं. पडद्यावरच्या ओठांवर आवाज बसवणं हा माझा धंदा. तिला स्वतःचा चांगला गोड आवाज होता. पण शूटिंगमधलं बोलणं कधी खराब निघायचं आणि पुन्हा बोलायला बाईंना वेळ नसायचा. मग त्या जागा मी भरायची. अकरा वर्षं भरल्या. ती कुठे संपते आणि मी कुठे सुरू होते, हे रेकॉर्डिस्टदादा सोडले तर कुणाला ओळखता यायचं नाही. मला त्याची भारी घमेंड होती.

ती जाऊन आठ महिने झाले होते. झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या, रात्री दहाच्या आत ती गेली, असं पोलिसांनी सांगितलं. लोकांनी साहेबांचं नाव घेतलं. साहेब म्हणजे मंत्री. त्यांची गाडी तिच्या दाराशी असते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण त्या संध्याकाळी साडेसात ते दहा साहेब हजारो लोकांसमोर भाषण करत होते, आणि आठ वाजता ती जिवंत होती. आठला तिने मोठ्या बहिणीला फोन केला होता ना. चौकशी तिथेच संपली.

तो फोन मी केला होता.

त्या संध्याकाळी साहेबांचे सचिव स्टुडिओत आले तेव्हा त्यांच्या हातात तिचाच मोबाइल होता. "बाईंचं डोकं दुखतंय," ते म्हणाले. "बहीण सारखी फोन करतेय, घरी यायला निघालीय म्हणे. तुम्ही तेवढं बाईंच्या आवाजात थोपवा तिला." मला गंमतच वाटली. मी बोलले, "ताई, मी बरी आहे गं. येऊ नकोस. झोपते आता." पहिल्याच फटक्यात जमलं.

सकाळी बातमी आली. दुपारी सचिवांचा फोन आला. "तुमची मुलगी होस्टेलवर असते ना? दुसऱ्या मजल्यावर?" एवढंच विचारून त्यांनी ठेवला. मी तोंडाला कुलूप लावलं. मुलीसाठी लावलं, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी भ्याले होते.

तर त्या दुपारी डबिंगच्या खोलीत शिरले आणि पाहते तो मागच्या कोचावर तिची बहीण बसलेली. "निर्मात्यांना विचारून आलेय," ती म्हणाली. "शेवटचंच आहे. गुपचूप ऐकते."

त्या खोलीला खिडकी नाही. दार लागलं की आपलाच श्वास मोठा वाटायला लागतो. जुन्या गालिच्याचा कुबट वास रोजचाच. पण आज त्यात कोल्ड क्रीमचा वास मिसळला होता. मेकअप उतरवताना बाई लावायच्या, ते. दोघी बहिणी एकच वापरत असतील, असं म्हणून मी हेडफोन चढवला.

दिवे मालवले. पडद्यावर ती खिडकीशी उभी राहून नवऱ्याला म्हणते, "मी तुझी वाट पाहीन." चार शब्द, माझ्या डाव्या हातचा मळ.

"ओठ बसत नाहीयेत," काचेपलीकडून दादा म्हणाले. "परत घेऊ."

परत घेतलं. पाचदा, सहादा घेतलं.

"तुझं संपतं आणि ती बोलतच राहते गं," दादा चाचरत म्हणाले. "सकाळी मी पाहिलं तेव्हा... असं नव्हतं."

"नुसतं चित्र दाखवा," मी म्हटलं. ओठ वाचण्यात जन्म गेलाय माझा.

चित्र सुरू झालं. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. ती सरळ माझ्याकडे बघत होती. ओठ सावकाश हलले. ताई... मी बरी आहे गं... येऊ नकोस...

मागच्या अंधारातून बहिणीचा आवाज आला.

"ती मला कधी ताई म्हणायची नाही."

"काय?"

"ताई सिनेमातल्या बहिणींना म्हणायची. मला लहानपणापासून म्हातारे म्हणायची. त्या दिवशी फोनवर पहिल्यांदा ताई म्हणाली. वाटलं, रागावलीय माझ्यावर... मीही फुगले आणि गाडीची किल्ली परत ठेवून दिली. गेले असते तर..."

ती घरी बहिणीला काय म्हणते, हे मला कुठून माहीत असणार? मला तिचे संवाद तेवढे पाठ होते. आठ महिने ही बाई माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरत होती. खरं ते सांगितलं असतं तर तिचं ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण होस्टेलचा तो दुसरा मजला आठवला आणि मी म्हणाले, "तुमचा काय दोष त्यात. असं मनात आणू नका."

आवाज तिचा निघाला, गेलेलीचा. मी काढला नव्हता. घसा खाकरून पुन्हा बोलले. पुन्हा तिचाच.

बहीण उठली. चाचपडत माझ्याजवळ आली आणि डोळे गच्च मिटून म्हणाली, "एकदा म्हातारे म्हण ना गं..."

मी पर्स उचलून पळाले. त्याची लाज मला मरेपर्यंत वाटेल.

घरी येऊन दाराला आतून कडी घातली. गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. आरशासमोर उभी राहून स्वतःचं नाव घेऊन पाहिलं, तर तिने माझं नाव घेतलं. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बोल, बाळा."

"सॉरी... कोण बोलतंय? आईला देता जरा?"

"अगं, मीच आहे. आई."

ती हसली. "काय मावशी, मस्करी करता. आई तिथेच आहे की, तुमच्या मागे. ऐकू येतंय मला तिचं बोलणं."

घरात मी एकटीच होते. कोल्ड क्रीमचा वास येत होता. मागे वळायचं धाडस झालं नाही.

"काय... काय म्हणतेय ती?"

"मलाच सांगतेय वाटतं. मी बरी आहे गं, येऊ नकोस, झोपते आता... बरं, मग राहू दे. मी घरी यायला निघालेच होते, पण ती नको म्हणतेय तर नाही येत. झोपू द्या तिला."